पोस्टाचा फोटो पाठवला की उत्तर येतं

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

बडनेऱ्याच्या टपालपेटीला कोण्या शहाण्यानं रंग फासला अन् वेळेची पाटीसुद्धा लाल करून टाकली! टपाल कधी काढतात ते आता देवालाच ठाऊक. रंगाचे ओघळ तसेच सुकलेले. मी वाकून फोटो काढतोय, तर बाजूचा पानवाला म्हणतो, "काका, दुसरं काही भेटलं नाही का फोटो काढाले?" म्हटलं, तू तुझा चुना लाव बाप्पा.

फोटो बायकोला, सत्यभामाला पाठवला. उत्तर आलं — "छान."

एवढ्यासाठीच तर बडनेऱ्याला गेलो होतो. इथं लिहायला काय लाज! "कशी आहेस" असं पाठवलं की तिचं उत्तर संध्याकाळवर जातं. नातीची आंघोळ, नातीचं खाणं, नातीची झोप. पण पोस्टाचा फोटो पाठवला की लगेच येतं. "छान." मूड असला तर "वा छान."

लेकीच्या, वर्षालीच्या बाळंतपणाला म्हणून ती पुण्याला गेली. स्वरा आता धावते, बोलते, फोनवर मला "आबा टाटा" म्हणून फोन बंदही करते. आजी मात्र तिथंच. दिवाळीला आली होती, भाऊबीज झाली तशी परत. मी थांब म्हटलं नाही. ती थांबू का म्हणाली नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

परत खिचडी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कुठे गेलो नाही. फोटो नाही, म्हणून फोनवर काही येणंही नाही. दिवसभर घरात माझ्याच चपलांचा आवाज.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चांदूर बाजार. बाजारात संत्र्यांचे ढीग, अन् पोस्टात सामसूम. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ पासबुक छातीशी धरून बसलेले. नेट नव्हतं. बाबू म्हणाला, "येईन नेट बाप्पा, बसा." ते बसले. मीही बसलो. मला कुठं जायचं होतं!

त्यांनी विचारलं, "तुमचं काय काम हाय?"

"काही नाही. फोटो काढतो."

"कायचा?"

"पोस्टाचा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारता सोय नाही. मग थोडं सरकून बसले.

कसं सांगावं लोकांना? मी एसटीत कंट्रोलर होतो, तेव्हा टपालाच्या थैल्या आमच्याच गाड्यांनी जायच्या. खिडकीतून ओरडायचो, "थैली चढली का रे?" अन् मग गाडी सोडायचो. एकदा चांदूरची थैली राहिली तर ड्रायव्हरला फाट्यावरून परत बोलावलं होतं. लोक शिव्या देत होते, मी ऐकलं नाही. असा होतो मी! आता टपालाचा लाल डबा दिसला की पाय आपोआप थांबतात.

आज दोन फोटो पाठवले. एक पोस्टाचा, एक संत्र्यांच्या ढिगाचा. पोस्टाला "छान" आलं. संत्र्यांना — "आंबट असतील आता, घेऊ नका." म्हणजे पाहते ती. नीट पाहते.

घेतली होती. आंबटच निघाली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चिखलदरा. परतवाड्याहून गाडी चढताना कान बंद झाले. वर धुकं असं, की पोस्टाची पाटी तेवढी दिसे, पोस्ट गायब! तोच फोटो काढला. आजपर्यंतचा सगळ्यात चांगला.

नवीन लग्न झालेलं एक जोडपं आलं. मुलीच्या हातात चुडा कोपरापर्यंत. "अंकल, आमचा एक काढून द्या ना." काढला. एकाचे चार झाले — ती म्हणे डोळे मिटले, तो म्हणे पोट दिसते. मग तो पोरगा म्हणाला, "तुमचा काढू का?" म्हटलं, "माझा कायले?" तो बिचारा हसला अन् गेला.

कॉफीचं पाकीट घेतलं. इथलीच आहे म्हणाले. घेतल्यावर लक्षात आलं, करणार कोण? दूध उतू जायच्या आत गॅस बंद करणं मला अजून साधलेलं नाही. रिटायर माणसाला गाडी वेळेत सोडता येते, दूध नाही.

धुक्यातल्या पोस्टाला "वा छान" आलं. पुढे एक फूलही होतं. फुलाचं चित्र पहिल्यांदाच. परतीच्या गाडीत तीनदा उघडून पाहिलं. माकडच आहे मी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज तिनं स्वतःहून फोन केला. पाच-सात मिनिटं बोललो असू, त्यात स्वरानं मोबाइल दोनदा पाडला.

"तुमी तं मजेत हाय बाप्पा," ती म्हणाली. "आज बडनेरा, उद्या चिखलदरा. घरी टिकूनच नाही राहिले. वर्षाली मनते, बाबांनी आयुष्यात एवढी मजा केली नाही."

माझ्या तोंडून काय निघावं? "हौ, मजेत हाय."

मजेत! दुपारी शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकून मी उठून आपला गॅस पाहून येतो, अन् म्हणे मजेत. अन् विचारलं काय, तर स्वरा जेवली का! तिनंही "बरं, ठेवते" म्हणून ठेवला.

तिला वाटतं मी हिंडतो म्हणजे सुखात आहे. मी हिंडतो कशासाठी, हे तिला कोण सांगणार? मीच ना! जिभेला काय झालंय कोणास ठाऊक. हजार माणसांसमोर माइकवर बोलायचो स्टँडवर.

२६ नोव्हेंबर, बुधवार

लांबची मजल. अकोटवरून हिवरखेड. तिथलं पोस्ट काढलं, बरं होतं, पण नवीन बांधकाम — गिलावा, टाइल्स, काही मजा नाही. चहावाला म्हणाला, "जुनं पाहाचं असन तं धामणखेडले जा. पोस्ट एका बाईच्या घरातच हाय."

गेलो ऑटोनं. दोन्हीकडे कापूस वेचणं चालू, बाया ओळीनं वावरात. पोस्ट खरंच घरात! छपरीत एक टेबल, टेबलावर शिक्का, शाईची गादी, वजनकाटा, अन् आतल्या खोलीत वरणाला फोडणी बसली होती. पोस्टमास्तर म्हणजे चंदा, तिशीतली बाई. एका हातानं शिक्का मारते, दुसऱ्या हातानं कोंबडी हाकलते. "खेड्यात असंच असते साहेब, जागा आमालेच द्या लागते," म्हणाली. टपालपेटी दारातल्या निंबाला तारेनं बांधलेली.

मी फोटो काढत सुटलो. पेटी, निंब, टेबल, पाटी, शिक्का. मग जुनी खोड — विचारपूस. टपाल किती वाजता येतं? किती वाजता निघतं? खाती किती? लोक येतात का? ती सांगत होती, मी वहीत टिपत होतो. अंगात पांढरा शर्ट, पायात ड्युटीचेच काळे बूट. एक-दोघं दारात येऊन उभे राहिले, मी त्यांच्याकडे पाहून नुसतं "हं" म्हटलं. चंदानं फोटो मागितले म्हणून नंबर दिला.

सत्यभामाला निंबाची पेटी पाठवली. "छान."

२९ नोव्हेंबर, शनिवार

भलतंच होऊन बसलं!

चंदाचा फोन. रडवेली. "साहेब, तुमी वर काय लिहून देल्लं?" म्हटलं, काय झालं बाई? तर म्हणे, गावात उठलं की पोस्ट बंद होणार. अमरावतीहून अधिकारी आले, फोटो काढले, खाती लिहून नेली, अन् कोणाशी धड बोललेही नाहीत. सप्टेंबरात रजिस्ट्री बंद होऊन सगळं स्पीड पोस्टात गेलं, तेव्हापासून लोक धास्तावलेलेच होते. त्यात मी! आता बाया पासबुक घेऊन दारात उभ्या — आमचे पैसे देऊन टाक, आमी खातं बंद करतो.

"सगळ्यांनी खाती बंद केली तं पोस्ट खरंच बंद होते साहेब. माही नोकरी जाते."

मी ओरडलो, "अवो मी कोणी साहेब नाही! रिटायर माणूस, हौस म्हणून फोटो काढतो!"

ती म्हणाली, "साहेब लोक असंच मनतात."

मी काय केलं हे? पोस्ट आवडतं म्हणून गेलो अन् पोस्टाच्याच मुळावर उठलो.

१ डिसेंबर, सोमवार

गेलो धामणखेडला. पहिल्या गाडीनं. या वेळी चट्ट्यापट्ट्याचा शर्ट अन् चप्पल.

चंदाच्या दारात दहा-बारा बाया, अन् पुढे पंजाबराव — गावातले जुने, सगळ्यांचं बोलणं तेच करतात. मला पाहताच, "आले! हेच ते!" मी हात जोडले. म्हटलं, मी सरकारचा माणूस नाही. पोस्टाशी माझा काडीचा संबंध नाही. ओळखपत्र दाखवलं, एसटीचं, रिटायरचं.

पंजाबरावांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "एसटीवाले? मंग तुमचं आमच्या पोस्टात काय काम?"

"काम काही नाही. फोटो काढतो."

"कायले?"

आता काय सांगावं? हौस म्हटलं तर कोणाला पटेना. "हौस म्हणून कोणी इतक्या दूर डबा पाह्याले येते का जी?" एक जण म्हणाला. खरं आहे त्याचं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, चंदा उंबऱ्यात ओठ चावत उभी. तिची नोकरी माझ्या उत्तरावर अडलेली. लपवून काय मिळवायचं होतं? सांगून टाकलं —

"बायकोले पाठवतो. ती पुण्याले असते लेकीकडे. पोस्टाचा फोटो पाठवला की तिचं उत्तर येते. नुसतं कशी आहे विचारलं तं लवकर येत नाही."

बाया अशा हसल्या की कोंबड्या फडफडत पळाल्या! पंजाबरावसुद्धा पदराआड तोंड लपवावं तसं उपरणं तोंडावर घेऊन हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या हसण्यानंच काम केलं. अशी लाजिरवाणी गोष्ट कोणी अधिकारी सांगेल का? एक-एक पासबुक पिशवीत परत गेलं.

तानुबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्या हसल्या नाहीत. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "किती दिसाची गेली बायको?"

"नात झाली तेव्हाची. आता नात बोलते."

"अन् तुमी तिले डब्बे दाखवून राहिले?"

"हौ."

"ये मनलं का कधी?"

मी निंबावरच्या पेटीकडे पाहत राहिलो.

"मंग कशी येईन ते? तिले काय सपन पडन? बोलवाचं असन तं तोंडानं ये मनाव लागते माणसाले." अन् काठी टेकत निघून गेल्या.

चंदानं जेवू घातलं. भाकर, तुरीच्या सोल्याची भाजी, ठेचा. किती दिवसांनी कोणी वाढलं! पोटभर खाल्लं, अन् खाताना डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "ठेचा तिखट झाला का जी?" म्हटलं, हौ, लय तिखट.

निघताना तिनं मोबाइल दाखवला. गावाच्या ग्रुपवर माझा फोटो! पहिल्या दिवशी कोणीतरी गुपचूप काढलेला. खाली लिहिलेलं — "पोस्ट बंद करणारे अधिकारी." निंबाखाली मी वाकून उभा, शर्ट खांद्यावरून लोंबणारा, मानेची शीर दिसते. मला वाटलं, हा कोण म्हातारा?

"पाठव मले," म्हटलं.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी तो फोटो सत्यभामाला पाठवून दिला. गंमत म्हणून. लिहिलं, पाहा तुझा नवरा कसा अधिकारी झाला.

"छान" आलं नाही. फोन वाजला.

"हे तुमी होय?"

"हौ, मीच. अवो त्या गावात काय झालं —"

"एवढे वाळले कावून? जेवता का नाही?"

मी नेहमीप्रमाणे "जेवतो न" म्हणणारच होतो. तानुबाईची काठी आठवली. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"नाही जेवत. खिचडी करतो, अर्धी टाकतो. करमत नाही घरी. मजेत नाही मी. तू ये."

झालं! म्हटलं एकदाचं. कान गरम झाले होते. मला वाटलं लाइन गेली. मग तिचा आवाज, बारीक — "आधी कावून नाही बोलले?"

"जमलं नाही."

"बघते," म्हणाली. "स्वराचं कसं होईन, वर्षालीची नोकरी. बघते मी."

बघते म्हणजे नाही म्हणाली नाही! आज पोळ्या केल्या. जळल्या, पण केल्या.

५ डिसेंबर, शुक्रवार

घर झाडलं, पुसलं. तिच्या कपाटावरची धूळ काढली. गॅसची शेगडी घासताना नख तुटलं. पडवीतली तुळस माझ्यानं वाळलीच, नवीन रोप आणून लावलं. कळलं तर बोलेल, बोलू दे.

फोन नाही. मीही फोटो पाठवला नाही. आता फोटो पाठवला तर सगळं परत पहिल्यासारखं होईल अशी भीती वाटते.

९ डिसेंबर, मंगळवार

वर्षालीचा फोन. "बाबा, आई काही बोलत नाही. तुम्हीच या ना इकडे."

आमच्याकडे बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नाही. माझे वडील तर माझ्या बहिणीच्या गावी जाऊन पाणीसुद्धा न पिता परत येत. मी स्वराच्या बारशाला लॉजवर उतरलो होतो. वर्षाली किती रडली होती तेव्हा! जावई, रोहित, बिचारा लॉजच्या दारात उभा होता गाडी घेऊन, मी खाली गेलो नाही. अकडच दुसरं काय! ती रीत पाळून मला कोणतं बक्षीस मिळालं? घर तेवढं रिकामं झालं.

म्हटलं, येतो. तुझ्याच घरी उतरतो. ती म्हणाली, "खरं?" अन् तिचा आवाज बदलला.

मग सत्यभामाला फोन केला. स्पष्ट सांगितलं, "तुले न्याले येतो."

ती म्हणाली, "या."

१२ डिसेंबर, शुक्रवार

तुरीच्या शेंगा घेतल्या. संत्री — गोड पाहून, फोडून, चाखून घेतली. चिखलदऱ्याचं कॉफीचं पाकीट तसंच होतं, तेही टाकलं. स्वराला टोपडं घेतलं, मग लक्षात आलं ती टोपड्याची राहिली नाही. फ्रॉक घेतला.

जायचं तिकीट काढलं. परतीचं काढलं नाही. ती म्हणेल त्या दिवसाचं दोघांचं काढू.

शेजारच्या गीतांजलीताईंना किल्ली दिली, तुळशीला पाणी घालायला सांगितलं. "वहिनी येऊन राहिल्या वाटते?" त्यांनी विचारलं. मी "हौ" म्हटलं. किती जोरात म्हटलं! त्या दचकल्याच.

१४ डिसेंबर, रविवार. पुणे

पोहोचलो. स्वरा आधी पळाली, मग संत्र्यासाठी मांडीवर येऊन बसली. सत्यभामा तब्येतीनं छान झाली आहे, चेहरा उजळलाय. माझ्या ताटात वाढतच राहिली. "खा, खा, काय हाल करून घेतले जिवाचे." रोहितनं स्वतःची खोली मला दिली. जाण्याचा विषय कोणी काढला नाही. आल्या आल्या कसा काढणार, म्हणून मीही नाही.

१५ डिसेंबर, सोमवार. पुणे

सकाळी वर्षाली-रोहित ऑफिसला गेले. स्वराला पाळणाघराची गाडी घेऊन गेली. जूनपासून जाते म्हणे, पार संध्याकाळपर्यंत! मला कोणी सांगितलं नव्हतं.

सत्यभामानं मला गरम भाकर वाढली, वर तूप घातलं, अन् स्वतःचा डबा भरून निघाली. कोपऱ्यावर फुलांचं दुकान आहे, तिथं हार करते. मी सोबत गेलो. दुकानात सगळे तिला ताई-ताई करत होते. माहेरच्या फुलांच्या मळ्यात शिकलेले हात भराभर चालत होते, अन् ती हसत होती. एवढी हसताना मी तिला आमच्या घरात पाहिलेलं नाही.

दुकानवालीनं विचारलं, "हे कोण?"

"आमच्या घरचे," सत्यभामा म्हणाली. "चार दिवस राह्याले आले."

मी तिला न्यायला आलोय, हे तिला माहीत आहे.